शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेलें

आपल्या घरांतून वकिलीचा अभ्यास होणें ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. पुष्कळ कुटुंबांत पणजोबांच्या किंवा आजोबांच्या कायद्याच्या पुस्तकांचें कपाट अजून माळ्यावर असेल. मात्र पूर्वीं अभ्यास करणारा घरचा मुलगा असे, आणि सारें घर त्याच्या अभ्यासाभोंवतीं फिरे. तो वाचीत असतां मुलांनीं दंगा करावयाचा नाहीं, पाहुण्यांनीं मोठ्यानें बोलावयाचें नाहीं, आणि आईनें रात्रीं दुधाचा पेला त्याच्या मेजावर नेऊन ठेवावयाचा, असा शिरस्ता होता. आतां तोच अभ्यास घरची सून करूं लागली आहे, आणि दूध सर्वांसाठीं तिलाच तापवावें लागतें, एवढाच काय तो फरक.

अशाच एका वाचकभगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. दोन मुलें शाळेंत जाऊं लागल्यावर त्यांनीं कायद्याची तीन वर्षांची पदवी मिळविली. वकिलीचा व्यवसाय करण्यासाठीं पदवीनंतर जी अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते, तींत त्या पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झाल्या. त्याचें दुःख त्यांना आहेच, परंतु अधिक जिव्हारीं लागलें तें घरांत उच्चारलें गेलेलें एक वाक्य : “पुस्तक उघडें ठेवून द्यावयाची परीक्षा, आणि तींतहि नापास?” त्या विचारतात कीं, फौजदारी कार्यपद्धति आणि पुराव्याचा कायदा हे दोन विषय कसे अभ्यासावे? आणि पत्राच्या शेवटीं लिहितात, “सासूबाई म्हणतात, आतां पुरे. मी काय करूं?” ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्याच्याच पोटांत आहे असें मला वाटतें, म्हणून आधीं पहिला प्रश्न घेतों.

मी वकील नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक, पुढें शास्त्रीबोवांपाशीं संस्कृताचें अध्ययन, आणि त्यानंतर जन्मभर शाळेंत शिकविणें, एवढीच माझी पुंजी. परंतु माझी पुतणी ह्याच परीक्षेस बसली तेव्हां रोज रात्रीं तिचा पाठ म्हणून घेण्याचें काम मजकडे आलें, आणि त्या निमित्तानें हे दोन्ही कायदे कलमागणिक वाचून झाले. अभ्यास कसा करावा हें सांगण्याचा शाळामास्तरास जेवढा अधिकार असतो, तेवढ्याच अधिकारानें लिहितों.

प्रथम परीक्षेचें स्वरूप घरांतील वडीलधाऱ्यांनीं समजून घ्यावें. बार कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था ती घेते. २००९-१० ह्या शैक्षणिक वर्षापासून जे पदवीधर झाले त्यांना ती लागू आहे. पहिली परीक्षा २०११ सालीं झाली, आणि २०२३ च्या फेब्रुवारींत सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें ती वैध ठरविली. प्रश्न शंभर, वेळ साडेतीन तास. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय. चुकलेल्या उत्तराचे गुण वजा होत नाहींत. उत्तीर्ण होण्यास शेंकडा ४५ गुण लागतात. अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारांस ४०. शंभरांपैकीं १० प्रश्न फौजदारी कार्यपद्धतीवर आणि ८ पुराव्याच्या कायद्यावर असतात. मूळ कायद्याचीं पुस्तकें जवळ ठेवतां येतात, परंतु त्यांत टिपा, भाष्य किंवा हातानें लिहिलेलें कांहीं चालत नाहीं.

आतां हिशेब करा. साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटें. शंभर प्रश्नांस वांटलीं तर एका प्रश्नाच्या वांट्यास दोन मिनिटें सहा सेकंद येतात. तेवढ्यांत प्रश्न वाचावयाचा, तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या भागांत मोडतो हें ओळखावयाचें, पुस्तक काढावयाचें, कलम शोधावयाचें आणि पर्याय निवडावयाचा! कोश उघडा ठेवल्यानें ज्याला व्याकरण येत नाहीं त्याला संस्कृत श्लोकाचा अन्वय लागत नाहीं. कारण शब्द कोणत्या रूपांत आहे हेंच कळलें नाहीं, तर कोशांत पाहावें तरी काय? उघडें पुस्तक हें ज्याला विषयाचा नकाशा पाठ आहे त्याच्याच उपयोगाचें. तेव्हां घरच्या मंडळींनीं तें वाक्य मागें घ्यावें, हें उत्तम.

त्यांत १ जुलै २०२४ पासून ह्या विषयांचें सारें घरच बदललें आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागीं भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. ४८४ कलमांचीं ५३१ झालीं. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. १६७ कलमांचीं १७० झालीं. तत्त्वें बहुतेक जुनींच आहेत. आंकडे मात्र घरें बदलून बसले आहेत. ‘१४४ कलम’ म्हटलें कीं आपल्या पिढीस जमावबंदी आठवते. नव्या संहितेंत जमावबंदीचा अधिकार १६३ व्या कलमांत गेला असून, १४४ वें कलम बायको, मुलें आणि आईबाप यांच्या पोटगीचें आहे! जुन्या संहितेंत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नवींत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि ते अंगभूत अधिकार ५२८ मध्यें. ज्यानें नुसते आंकडे घोकले त्याची फजिती ठरलेली. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वीं सुरू झालेले आणि त्या दिवशीं पडून असलेले खटले व तपास जुन्याच संहितेनें पुढें चालावेत, अशी ५३१ व्या कलमांत तरतूद आहे. म्हणून विद्यार्थ्यास जुनें विसरतांहि येत नाहीं. घरीं एक लांबट वही करावी. डावीकडे जुनें कलम, उजवीकडे नवें, आणि मध्यें विषय चार शब्दांत. वही परीक्षेस नेतां येणार नाहीं, हें खरें. पण जी स्वतःच्या हातानें लिहिली ती वही नेण्याची गरजहि फारशी उरत नाहीं.

कार्यपद्धतीचा कायदा हा क्रमाचा कायदा आहे. तो एका खटल्याचा प्रवास म्हणून वाचावा. समजा, एका घरांतून सोन्याची पाटली नाहींशी झाली. कोणीतरी ठाण्यावर जाऊन खबर देतो : कलम १७३. गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घेतलीच पाहिजे. तोंडीं दिली तर लिहून, वाचून दाखवून सही घ्यावयाची. विजेच्या साधनांनीं पाठविली तर तीन दिवसांत सही करावयाची. मग साक्षीदारांची विचारपूस : कलम १७९ व १८०. येथें वडीलधाऱ्यांनीं लक्ष द्यावें. साठ वर्षांवरील पुरुषास, तसेंच कोणत्याहि वयाच्या स्त्रीस, साक्षीदार म्हणून विचारपूस करण्यासाठीं राहत्या घरावांचून अन्यत्र येण्यास भाग पाडतां येत नाहीं. जुन्या कायद्यांत ही मर्यादा पासष्ट वर्षांची होती.

पुढें अटक : कलम ३५. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत उठल्यासुटल्या अटक करावयाची नसते. गरज कां पडली तें लिहून ठेवावें लागतें, नाहीं तर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य ह्या निवाड्यांत बजावून सांगितली. अटक केलीच तर कारण सांगितलें पाहिजे : कलम ४७. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आंत दंडाधिकाऱ्यापुढें नेलें पाहिजे : कलम ५८. पुढें कोठडी : कलम १८७. देहान्त, जन्मठेप किंवा दहा वर्षें अथवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर नव्वद दिवस, इतर गुन्ह्यांत साठ दिवस. तेवढ्या मुदतींत तपास पुरा झाला नाहीं, आणि आरोपी जामीन देण्यास तयार असेल, तर त्याला जामिनावर सोडावेंच लागतें. मग १९३ व्या कलमाचा अहवाल, दोषारोप, साक्षी, ३५१ व्या कलमाप्रमाणें आरोपीस विचारणा, आणि निकाल.

प्रत्येक पायरीवर उभें राहून तीन प्रश्न विचारावे : हें कोणीं करावयाचें? किती वेळांत करावयाचें? आणि न केल्यास काय? पहिल्या दोन प्रश्नांनीं परीक्षेंतील गुण मिळतील. तिसऱ्यानें कायद्याचा हेतु कळेल. मुदत टळली कीं सुटकेचा हक्क उगवतो, हें एकदां उमजलें म्हणजे साठ आणि नव्वद हे आंकडे पाठ करावे लागत नाहींत. राज्याच्या हातीं दंड आहे. तो हात कोठें थांबला पाहिजे, तें सांगणाऱ्या ह्या पायऱ्या आहेत.

हा पायऱ्यांचा विचार आपल्या परंपरेस परका नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत वादाचे चार पाद कल्पिले आहेत : वादीचें म्हणणें, प्रतिवादीचें उत्तर, पुरावा आणि निर्णय. प्रमाणें तीन : लेख, भोग आणि साक्षी, तीं नसतील तेव्हां दिव्य. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४६ सालीं निघालेल्या तिसऱ्या खंडांत ह्या साऱ्याचा सविस्तर परामर्श घेतला आहे. आणि काणे स्वतः वकील होते. मात्र तुलना करतांना फरकहि पाहावा. स्मृति साधारणपणें निदान तीन साक्षी मागते. आजचा अधिनियम १३९ व्या कलमांत सांगतो कीं, कोणतीहि गोष्ट शाबीत करण्यास साक्षीदारांची अमुक संख्या लागत नाहीं. एकाच साक्षीदाराचें सांगणें कसास उतरलें तर तें पुरे, आणि दहांचें न उतरलें तर तें व्यर्थ. आणि दिव्य तर गेलेंच, तें गेलें हें बरेंच झालें.

आतां पुरावा. हा कायदा १८७२ सालीं जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यानें रचला, आणि त्यानें एक मोठा उपकार केला : कलमांखालीं दृष्टान्त घातले. नव्या अधिनियमानेंहि ते बहुतांशीं ठेविले आहेत. विद्यार्थी घाईनें कलम वाचतात आणि बारीक अक्षरांतील दृष्टान्त सोडून देतात. परीक्षक मात्र तेथूनच प्रश्न उचलतो. एकच दृष्टान्त पाहा. चोरीनंतर लागलीच ज्याच्यापाशीं चोरीचा माल सांपडला, तो एक तर चोर असावा किंवा जाणूनबुजून चोरीचा माल घेणारा असावा, असें न्यायालयास मानतां येतें. परंतु तेंच कलम पुढें बजावतें : खुणेचा एक चोरीचा रुपया दुकानदाराच्या गल्ल्यांत निघाला, आणि तो कोठून आला हें त्याला सांगतां येईना, तर त्याच्या दुकानांत दिवसभर रुपये येतच असतात हेंहि ध्यानांत घ्या. ‘मानतां येतें’ आणि ‘मानलेंच पाहिजे’ यांतला भेद ह्याहून सोपा करून कोण सांगेल?

‘साक्षी’ ह्या शब्दाची व्युत्पत्ति पाणिनि ‘साक्षात् पाहणारा’ अशी लावतो, आणि ५५ व्या कलमाचें सारहि तेंच. पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्यानें द्यावी, ऐकलेल्याची ऐकणाऱ्यानें. ‘शेजारच्या काकू म्हणत होत्या’ ही पाटलीच्या चोरीची साक्ष नव्हे. फार तर काकू बोलल्या एवढ्याचीच ती साक्ष. ह्या नियमास अपवाद आहेत, आणि त्यांत मोठा अपवाद २६ व्या कलमांतील मृत्युपूर्व जबाबाचा. सांगणारें माणूस परत बोलावतां येत नाहीं, म्हणून त्याचे शब्द इतरांच्या तोंडून ऐकावे लागतात.

२३ वें कलम परीक्षेस हटकून असतें. पोलिसांपुढें दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करतां येत नाहीं. परंतु कोठडींतील आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तु सांपडली, तर त्या शोधाशीं थेट संबंध असणारा भाग तेवढा घेतां येतो. पुलुकुरी कोट्टय्या प्रकरणीं प्रिव्ही कौन्सिलनें दिलेला आणि १९४७ च्या निवाडेसंग्रहांत छापलेला निर्णय ह्यासाठीं वाचावा. आपल्या उदाहरणांत आरोपी म्हणाला, “पाटली मीं चोरली आणि विहिरीजवळच्या कुंडींत पुरली,” आणि पाटली खरोखरच तेथें निघाली. तर ‘कुंडींत पुरली’ एवढेंच पुराव्यांत येईल. ‘चोरली’ येणार नाहीं. कारण पाटली सांपडल्यानें ती जागा त्याला ठाऊक होती एवढेंच उघड झालें.

आजकाल पुरावा बहुधा खिशांतल्या यंत्रांतच असतो, म्हणून ६३ वें कलम सोडूं नये. ध्वनिमुद्रण, चित्रमुद्रण किंवा संदेश यांची नक्कल दाखल करावयाची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतें. ह्या बाबतींतला मोठा निवाडा आपल्या जालन्याच्याच विधानसभा निवडणुकीवरून झाला : अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, १४ जुलै २०२०. उमेदवारी अर्ज वेळेंत आले कीं नाहीं, असा वाद होता आणि चित्रफितींचा पुरावा होता. नक्कल दाखल करतांना असें प्रमाणपत्र आवश्यक आहे, हें सर्वोच्च न्यायालयानें त्या वेळच्या ६५-ब कलमाखालीं ठरविलें.

एवढें सगळें वाचून झाल्यावर अधिनियमाच्या दुसऱ्या कलमाकडे परत यावें. तेथें तीन शब्दांच्या व्याख्या आहेत, आणि माझ्या मतें साऱ्या कायद्याचें बीज त्यांत आहे. न्यायालयास एखादी गोष्ट खरी वाटली, किंवा शहाण्या माणसानें ती खरी धरून वागावें इतकी ती संभवनीय वाटली, म्हणजे ती ‘शाबीत’. ती नाहींच असें वाटलें, किंवा ती नसणेंच तितकें संभवनीय वाटलें, म्हणजे ती ‘नाशाबीत’. आणि ह्या दोहोंपैकीं कांहींच नाहीं, तर ती ‘शाबीत न झालेली’. हा तिसरा कप्पा कायद्यानें मुद्दाम ठेवला आहे. फौजदारी खटल्यांत त्याचें मोल फार. कारण शाबितीचा बोजा आरोप करणाऱ्यावर असतो, आणि तिसऱ्या कप्प्यांत पडलेल्या आरोपावर कोणास शिक्षा देतां येत नाहीं.

घरांत मात्र आपण हा तिसरा कप्पा ठेवीतच नाहीं. वस्तु हरवली कीं कामवाल्या बाईकडे नजर जाते. तिनें घेतली असें कोणी पाहिलेलें नसतें, ती कोणाला तिच्यापाशीं सांपडलेली नसते. तरी दुसऱ्या दिवसापासून कपाटाच्या किल्ल्या कमरेला लागतात आणि बाईला तें दिसतें. न्यायालयांत जी गोष्ट ‘शाबीत न झालेली’ म्हणून सुटली असती, तिच्यावर घरांत शिक्षाहि सुरू झालेली असते. पाटली पुढें गादीखालीं सांपडली तरी त्या शिक्षेचें अपील कोठें करावयाचें?

हाच न्याय परीक्षेच्या निकालास लावावा. सून एका खेपेस अनुत्तीर्ण झाली, एवढें शाबीत आहे, कागदोपत्रीं आहे. पण ‘हिला हें जमणार नाहीं’ हें त्यावरून शाबीत होतें काय? दोन मुलांचे डबे भरून, चार पाहुण्यांचें करून, रात्रीं अकराला पुस्तक उघडणाऱ्या बाईच्या एका निकालावरून तिच्या बुद्धीविषयीं शहाण्या माणसानें अनुमान काढावें, इतका तो पुरावा बळकट नाहीं. तिचें वकील होणें नाशाबीत झालेलें नाहीं. तें अद्याप शाबीत झालेलें नाहीं, एवढेंच. आणि ह्या परीक्षेस कितीहि वेळां बसतां येतें. ‘आतां पुरे’ असें परीक्षा घेणारेहि म्हणत नाहींत.

म्हणून ताईंना माझें सांगणें असें. रोज दोन तास, ठरलेल्या वेळीं. पहिला तास कार्यपद्धतीचा, दुसरा पुराव्याचा. वाचलेली पायरी पुस्तक मिटून घरांतील कोणास तरी सांगावी. दुसऱ्याला समजावून सांगतां आलें नाहीं तें आपल्याला आलें नाहीं, हा शाळेंतला जुना नियम येथेंहि खरा आहे. एकत्र कुटुंबाचा हा मोठा लाभ समजावा. ऐकणाऱ्यांची वाण नसते. शेवटच्या महिन्यांत घड्याळ लावून, मूळ पुस्तकें जवळ ठेवून, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्या, म्हणजे कोणतें कलम पुस्तकाच्या कोणत्या भागांत आहे हें हाताला कळूं लागेल.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांना विनंति अशी कीं, ते दोन तास तिचे असावे. त्या वेळीं दूध दुसऱ्या कोणीं तापवावें, आणि सासूबाईंनीं समोर बसून तिचा पाठ ऐकावा. पाटलीच्या चोरीचा खटला त्यांनाहि रुचेल अशी माझी खात्री आहे. एवढें करूनहि ‘आतां पुरे’ असें कोणास म्हणावेंसें वाटलेंच, तर नव्या संहितेचें ३९३ वें कलम पाहावें. निकालपत्रांत निर्णयाचे मुद्दे, त्यांवरील निर्णय आणि त्याचीं कारणें असलींच पाहिजेत, असें तें सांगतें. न्यायाधीशावर जें बंधन आहे तें घरच्या निकालासहि असावें. निकाल सांगण्यापूर्वीं आपलीं कारणें एका कागदावर लिहावीं, आणि तो कागद सुनेला वाचावयास द्यावा. तिला उलटतपासणी करतां येते.